हलव्याचा टोप

२३ ऑगस्ट १९९८, रविवार

टोप गेला!

काल दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं — "यंदा नव्याच्या सणाला हलवा ओस्नातच्या हातचा." आम्हा ज्यूंच्या नव्या वर्षाला रोश हशाना म्हणायला त्या अजून तयार नाहीत. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. ओस्नात म्हणजे माझी धाकटी जाऊ, मिखाएलची बायको. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, बोलणार मात्र हिब्रूत. "मी? खरंच मी?" करत तिने सासूबाईंच्या गळ्यात हात टाकले. त्यांनाही ते आवडलं! मी इतक्या वर्षांत कधी त्यांच्या गळ्यात पडले नाही. आमच्या पुण्यात सुना सासूच्या गळ्यात पडत नसत.

आज संध्याकाळी मिखाएल गाडी घेऊन आला आणि टोप किर्यात गातला त्यांच्या घरी घेऊन गेला. तांब्याचा तो भलामोठा टोप. सासूबाईंच्या आईचा. पेणहून मुंबईला आला, मुंबईहून विमानाने इथे अश्केलोनला. लग्न झाल्यापासून दर वर्षी त्यात हलवा ढवळला तो मी. पाठ धरायची, तळहाताला फोड यायचे. कोणी म्हटलं का कधी, की बेला, यंदा तू बस? म्हटलं असतं तर मला चाललं असतं का? नसतं. तेही खरंच.

रूबेनपाशी कुरकुर केली तर नवरा म्हणतो कसा — "बरं झालं की, तुझी पाठ वाचली." या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

सासूबाईंना घेऊन सकाळी दवाखान्यात. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून कुपात होलिमच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालूच आहेत. अर्धं पोट काढलंय त्यांचं, जरा काही वेगळं खाल्लं की आडव्या होतात. रांगेत शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माझी धाकटी सून बघा, एवढी बँकेत नोकरी, पण दर शुक्रवारी भेटायला येते. न चुकता!" मी शेजारीच बसलेली, त्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि तपासण्यांचे कागद मांडीवर घेऊन. मी रोज येते त्याचं काय? ते त्या बाईला सांगितलं नाही.

संध्याकाळी ओस्नात आली. फुलं घेऊन!

१ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली. उन्हाळाभर बंद राहून प्रयोगशाळेला कोंदट वास. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लावल्या, नळ्या धुतल्या, ॲसिडं सौम्य करून ठेवली. शिकवायचं काम योरामचं, मांडामांड आणि धुणंधाणं माझं. पुण्याची बी. एस्सी. घेऊन आले होते मी इथे. इथे तिचं एवढंच झालं. असो. योराम माणूस भला आहे, "बेला नसेल तर माझा तास नाही," असं मुलांना सांगतो. घरी असं म्हणणारं कोणी नाही.

६ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंचा फोन ओस्नातला, ओस्नातचा फोन सासूबाईंना. नारळ किती, साखर किती, बदाम की पिस्ते. मी समोर बसून भेंडी चिरत होते. मला कोणी काही विचारलं नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

काल किर्यात गातला जाऊन आलो. मी, रूबेन, सासूबाई. ओस्नातने दारातच माझा हात धरला आणि स्वयंपाकघरात ओढत नेलं. "बेला, बघ तर खरं! डोळे मीट. हं, आता उघड!"

ओट्यावर टोप. बाहेरून लखलखीत. बरं, मी आत डोकावले आणि धस्स झालं. आतूनही लखलखीत! गुलाबी तांबं, नुसतं उघडं!

म्हणाली, टोपात पाणी उकळलं, त्यात मेलह लिमोन घातलं. म्हणजे लिंबाच्या सत्त्वाची पूड, किटलीतला चुना काढायला आम्ही सगळ्याच वापरतो. आणि मग तारेची घासणी घेऊन दोन दिवस बसली. "आत कसला राखाडी थर होता माहीत आहे? वर्षानुवर्षांचा! मामाश घाण! अगदी घाण! एवढासुद्धा ठेवला नाही."

अगं बाई, ती घाण नव्हती. ती कल्हई होती! तो टोप मी बसमध्ये मांडीवर घेऊन याफोला गेले होते. तिथे एक इराकी म्हातारा होता, त्याच्याकडून आतून कथील चढवून आणलं होतं. तो म्हातारा गेला, त्याचं दुकान गेलं, तेव्हापासून मी त्या टोपाला लाकडी उलथण्याशिवाय काही लावलं नाही. फडक्याने पुसायची. इथे जन्मलेल्या मुलीला कल्हई कुठून माहीत असणार? तिने कधी कल्हईवाल्याचा भाता पाहिलेला नाही की नवसागराचा धूर नाकात गेलेला नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी टोपावरून हात फिरवला आणि रडायलाच लागल्या. "माझ्या आईच्या वेळी अस्सा चमकायचा. बेलाने कधी एवढा घासला नाही हो."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले — "छान! कोल हकावोद! शाबास!"

९ सप्टेंबर, बुधवार

सांगायला हवं होतं. एक वाक्य! "ओस्नात, यात आता काही आंबट शिजवू नकोस, कळकेल, तांबं उतरेल त्यात." बस. पण ते "कधी एवढा घासला नाही हो" डोक्यात बसलंय. सांगितलं असतं तरी काय म्हणाले असते सगळे? बेला जळते!

जळते तर जळते.

शिवाय पुस्तकात काय लिहिलंय? धातूंच्या क्रियाशीलतेच्या यादीत तांबं हायड्रोजनच्या खालच्या पायरीवरचं. सौम्य आम्लाची त्याच्यावर क्रिया होत नाही. हे मी कॉलेजात असताना पाठ केलेलं, इथली मुलंही तेच पाठ करतात. मग? होत नाही म्हणजे नाही. कोणाला काही होणार नाही. माझी चूकच नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

आज नेमका तोच धडा! धातू आणि आम्लं.

योरामने ओळीने नळ्या लावल्या. सौम्य हायड्रोक्लोरिक. मॅग्नेशियमची पट्टी टाकली, फसफसून वर आली. जळती काडी तोंडाशी धरली, फट्‌! मुलं खूश. जस्ताचे बुडबुडे सावकाश. लोखंडाचे त्याहून सावकाश. तांब्याची तार टाकली — काही नाही. तळाशी जाऊन पडली. "पाहिलंत? तांबं आम्लाला दाद देत नाही. लिहून घ्या." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मग त्याने काळी पूड उचलली. तांब्याचं ऑक्साईड. सकाळी मीच वजन करून ठेवलं होतं, आणि मीच विसरले होते! ती कोमट सल्फ्युरिकमध्ये टाकून ढवळली. फसफस नाही, आवाज नाही, काही नाही. पूड नुसती विरत गेली आणि नळी निळीशार झाली. योराम म्हणतो, "धातू तसाच बसून राहतो, पण त्याच्यावर चढलेलं ऑक्साईड आम्ल उचलून नेतं. मिळतं काय? क्षार आणि पाणी. आणि हवेत ठेवलेल्या तांब्यावर ऑक्साईड चढतंच."

चढतंच. उघड्या तांब्यावर हवा लागली की चढणार, आंबट लागलं की विरघळणार, पुन्हा चढणार, पुन्हा विरघळणार. पुण्यात आमच्या आईला एक अक्षर केमिस्ट्री येत नव्हती, पण कल्हई उडालेल्या भांड्यात ती ताकही ओतायची नाही. कळकेल म्हणायची.

नळ्या धुवायला घेतल्या. निळं पाणी गेलं मोरीत.

पण हलव्याला लागतो तो गव्हाचा चीक काही आंबट नसतो. अगदीच ताजा असेल तर नसतो.

१३ सप्टेंबर, रविवार

ओस्नातचा फोन. मला! "बेला, गहू कशात भिजवू? तू कशात भिजवायचीस?"

मी स्टीलच्या बादलीत भिजवायची. पाणी रोज बदलायचं, चीक काढून तो निवळायला ठेवायचा तोही स्टीलमध्येच. टोप फक्त शिजवायला. तीन दिवस भिजलेल्या गव्हाला इथल्या उकाड्यात आंबूस वास सुटतोच, कितीही पाणी बदला.

तोंडाशी आलं होतं सगळं. तेवढ्यात ती म्हणाली, "आई म्हणाल्या टोपातच भिजव, त्यांच्या आई तशाच करायच्या. आणि तुला विचारू नकोस म्हणाल्या, बेलाला कामं खूप असतात." आणि हसली. वाईट हेतूने नव्हे, तिचं हसणंच तसं आहे.

"मग आई सांगतात तसंच कर," म्हणाले मी. फोन ठेवला. मग भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

१५ सप्टेंबर, मंगळवार

आज बस-स्टॉपवर उभी असताना डोळ्यांसमोर सगळा देखावा आला. टेबलावर ओस्नातचा हिरवा हलवा. हो, ती हिरवाच करणार, सासूबाईंना पिस्त्याचा रंग आवडतो. कळकल्याची हिरवट झाक त्या रंगात कोणाला दिसणारसुद्धा नाही. सगळे वाहवा करून खातात आणि तासाभराने एकेक जण उठून मोरीकडे पळतो. मिखाएल, त्याच्या मागे रूबेन. ओस्नात दारात रडवेली उभी. आणि सासूबाई म्हणतायत, "बेलाच्या हातचं कधी असं झालं नाही हो."

इतकं गोड वाटलं! खरंच वाटलं, खोटं का लिहू? कोणी मरत नाही त्याने. पोट ढवळतं, ओकाऱ्या होतात, दुसऱ्या दिवशी माणूस उभा.

मग बस आली, पाय उचलला आणि आठवलं — सासूबाईंना अर्धंच पोट आहे.

१६ सप्टेंबर, बुधवार

इन्बालचा फोन आला, सैन्यातून सुट्टी मिळाली. सणाला घरी येते. पोरीचा पहिला प्रश्न — "इमा, हलवा दोदा ओस्नात करणार ना यंदा? वॉव!" पोटची मुलगी, आणि कौतुक दोदाचं, काकूचं!

तीही खाणार तो हलवा.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

ठरवलं. सकाळी उठून फोन केला. सांगणारच होते: गहू फेक, टोप बाजूला ठेव, माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून नव्याने करू.

फोन सासूबाईंनी उचलला. कालपासून तिथेच राहायला गेल्यात, मला न सांगता! मागे ओस्नात काहीतरी म्हणाली आणि सासूबाई खळखळून हसल्या. त्या अशा हसतात हे मला माहीतच नव्हतं. "बोल गं बेला, काय काम होतं?" म्हणाल्या. मी म्हणाले, काही नाही, शब्बात शालोम.

हेवा म्हणतात तो हाच असणार. छातीत दुखतं अगदी, खरंखुरं, इथे डाव्या बाजूला.

२३ सप्टेंबर, बुधवार

सणाचे दोन दिवस लिहायला सवड मिळाली नाही. तोवर डोकं फुटायची वेळ आली. सगळं लिहून काढते.

रविवारी संध्याकाळी सगळे ओस्नातकडे. मेणबत्त्या, वाईन, सफरचंद-मध, सगळं झालं. जेवणं झाली. मग ओस्नात हलव्याच्या थाळ्या घेऊन आली. वड्या पाडलेल्या, वर बदामाचे काप. हिरवागार. इतका सुबक माझा कधी झाला नव्हता. चेहरा तिचा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, ढवळून दमली असेल, दमू दे.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या आईच्या टोपातला हलवा. त्या टोपाला शोभेल असा हात पुष्कळ वर्षांनी लागला." पुष्कळ वर्षांनी! आणि मग मी कोण होते इतकी वर्षं? मनात म्हटलं, खा! खा तर मग!

त्यांनी पहिली वडी उचलली. इन्बालने दुसरी.

"खाऊ नका!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी इन्बालच्या हातातून वडी हिसकावली, सासूबाईंच्या हातातली काढून घेतली. म्हणाले, टोपाची कल्हई गेलीय. उघड्या तांब्यात आंबलेला गहू, तो कळकतो. हे विष आहे, तांब्याचं विष. आई, तुमच्या पोटाला तर अजिबात नको. बोलता बोलता मीच रडायला लागले.

कोणी म्हणालं नाही की बेला जळते. कोणीसुद्धा! मिखाएल म्हणाला, "तिला कळतं यातलं, केमिस्ट्री आहे तिची." सासूबाई खुर्चीत बसल्या, ओस्नातकडे बघून म्हणाल्या, "घासलास ना गं तू? आतून घासलास?" ओस्नातने मान हलवली. पांढरी पडली होती. तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मग थाळ्या उचलून आत गेली, आणि हलवा कचऱ्यात पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. अगदी निघेपर्यंत! इन्बाल दहादा म्हणाली, "इमा, तू नसतीस तर?"

परत येताना इन्बाल मागे झोपली तेव्हा रूबेनने विचारलं, "तुला केव्हा कळलं कल्हई गेलीय ते?"

म्हणाले, "आजच. स्वयंपाकघरात टोप दिसला तेव्हा."

तो रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिला.

२४ सप्टेंबर, गुरुवार

टोप परत आला! मिखाएलने आणून दिला. सासूबाईंचा निरोप — "आता तो बेलाकडेच राहू दे, कायमचा. तिलाच त्याची किंमत." आल्या-गेल्याला सांगतायत की मोठ्या सुनेने जीव वाचवला.

मी शेवटी बोलले ना? बोलले. उशिरा का होईना, हेवा गिळून बोलले. वाईट बाई असते तर गप्प बसले असते. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

ओस्नातचा फोन नाही. सासूबाईंनीही तिला केला नाही. नाही करायचा तर नाही, मी काय करू?

२७ सप्टेंबर, रविवार

त्या रात्री हिसकावलेल्या दोन वड्या मी चांदीच्या कागदात गुंडाळून घरी आणल्या होत्या. म्हटलं, योरामला दाखवू, मुलांना दाखवू, बघा, पुस्तकातला धडा स्वयंपाकघरात कसा घडतो ते.

मधल्या सुट्टीत करायला घेतलं. एक वडी मुशीत घालून पार जाळली. साखर गेली, हिरवा रंग गेला, राहिली चिमूटभर राख. तांबं असेल तर ते ऑक्साईड होऊन त्या राखेतच असणार, जाईल कुठे? राखेवर ॲसिड घातलं, गरम केलं, गाळलं. मग वरून अमोनिया. तांबं असलं की अमोनियाने गडद निळं होतंच, चुकत नाही.

पाणी पाण्यासारखंच राहिलं.

म्हटलं, अमोनिया उडालेला असेल. दुसऱ्या नळीत ऑक्साईडचा कण टाकला, तेच ॲसिड, तोच अमोनिया. झटकन निळं! मग राख कमी पडली असेल. दुसरी वडी अर्धी जाळली. पुन्हा सगळं. उजेडात धरून बघितलं, पांढरा कागद मागे धरून बघितलं. निळं नाही. निळ्याची छटासुद्धा नाही.

योराम डोकावला. "काय शोधतेस?" म्हटलं, काही नाही, नळ्या धुतेय.

उरलेली अर्धी वडी हातात होती. खाल्ली. फ्रीजमध्ये आठवडा काढलेली, तरी मऊ. नारळाच्या दुधाचा वास. माझ्यापेक्षा चांगला झाला होता.

असं कसं होईल? मी माझ्या डोळ्यांनी टोप पाहिलाय!

२९ सप्टेंबर, मंगळवार

दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, उपास लागायच्या आधी एकमेकांची माफी मागतात, म्हणून ओस्नात आली. आत यायलाही तयार नव्हती. दारातच म्हणाली, "पहिला चीक टोपात कडेने हिरवा झाला, जिभेला चरचरला. तो फेकला. मग आई झोपल्यावर माझ्या स्टीलच्या पातेल्यात नव्याने केला, पण आईंना सांगवेना की तुमच्या आईच्या टोपात नाही केला म्हणून. त्या एवढ्या खूश होत्या. तू सगळ्यांसाठी एवढी घाबरलीस, रडलीस, आणि मी खोटी गप्प बसून राहिले. सलिहा, बेला. मला माफ कर."

माझंही सांगायला मी तोंड उघडलं. मग म्हणाले, "केलं."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि गेली.

माफ केलं. मी, तिला!